अमेरिकेतल्या कंपनीचा विमा इथूनच काढलाय? मग प्रभात रोडच्या या ऑफिसचा रिव्ह्यू वाचा

चार स्टार देतेय. रिव्ह्यू लांबलचक आहे हे आधीच सांगते, कारण ज्या कामासाठी मी या सीएच्या ऑफिसात गेले (परदेशी विमा कंपनीच्या प्रीमियमवरचा अमेरिकन टॅक्स) ते काम असतं हेच बऱ्याच जणांना माहीत नाहीये, आणि नुसतं "छान सर्व्हिस, स्टाफ कोऑपरेटिव्ह" लिहून कुणाच्या पदरात काय पडणार. साधं इन्कम टॅक्स रिटर्न नि जीएसटी करणारे पुण्यात गल्लोगल्ली आहेत, त्यासाठी इथे यायची काही गरज नाही, उलट महाग पडेल. पण ज्यांची अमेरिकेत छोटीशी का होईना कंपनी आहे, गोडाऊन आहे, आणि तिचा विमा भारतातल्या विमा कंपनीकडून काढलेला आहे, त्यांनी चहा घेऊन बसा आणि वाचा.

आमचा भोसरी एमआयडीसीत मशीनिंगचा कारखाना आहे. हे प्रॉडक्शन बघतात, भाऊजी मार्केटिंग बघतात, आणि अकाउंट्स, बँक, विमा, सरकारी पत्रव्यवहार म्हणजे ज्यात कुणालाच इंटरेस्ट नसतो ते सगळं माझ्याकडे. ऑइलफिल्डच्या व्हॉल्व्हला लागणारे पार्ट आम्ही बनवतो, गिऱ्हाइकं बरीचशी टेक्सासची, म्हणून मग ह्यूस्टनला एक कंपनी काढली, आमचीच शंभर टक्के मालकी, एक गोडाऊन, दोन माणसं. तिथला मोठा गिऱ्हाईक माल घेण्याआधी इन्शुरन्स सर्टिफिकेट मागतो, त्यात त्याचं नाव ॲडिशनल इन्शुअर्ड म्हणून हवं असतं, नसलं तर पर्चेस ऑर्डर हलतच नाही. तेव्हा आमच्या ब्रोकरने इथल्याच एका विमा कंपनीकडून लायबिलिटीची पॉलिसी काढून दिली, जगभर कव्हर, अमेरिका-कॅनडाच्या कोर्टासकट, आणि इन्शुअर्डच्या रकान्यात दोन नावं, भोसरीची कंपनी आणि ह्यूस्टनची कंपनी. प्रीमियम अमेरिकेत जो कोट आला होता त्यापेक्षा बराच कमी. सगळे खूष.

मग ह्यूस्टनच्या आमच्या अकाउंटंटचा ईमेल आला, एका ओळीचा, की पॉलिसी परदेशी कंपनीची दिसतेय तर फॉर्म ७२० (अमेरिकेचं एक्साइज टॅक्सचं रिटर्न) कोण भरतंय? ब्रोकरला विचारलं तर तो म्हणाला, "वहिनी, असलं काही नसतं हो, आमच्या कुठल्याच क्लायंटला विचारलेलं नाही." (कुणी विचारलं नाही म्हणजे नसतं, ही त्याची कायद्याची व्याख्या.) नंतर एका दुसऱ्या कन्सल्टंटकडे गेलो, नाव लिहीत नाही, त्यांनी फी घेऊन पाच मिनिटांत सांगितलं की भारत-अमेरिका टॅक्स ट्रीटी आहे, टॅक्स शून्य, विसरून जा. लेखी द्या म्हटलं तर विषय बदलला. तिथे मला शंका आली. भाऊजींच्या मित्राने मग या ऑफिसचं नाव सुचवलं.

इथे ज्या मॅडम हे काम बघतात त्या सीए आहेत आणि शिवाय ईए, म्हणजे अमेरिकेच्या आयआरएसची (तिथलं टॅक्स खातं) परीक्षा देऊन त्यांच्यासमोर क्लायंटतर्फे बोलायची परवानगी असलेल्या. हे तपासून घ्या कुठेही गेलात तरी, कारण "यूएस टॅक्स एक्सपर्ट" अशी पाटी लावायला काही लागत नाही. मॅडमनी पहिल्या भेटीत टॅक्स किती, दंड किती यातलं काहीच सांगितलं नाही. पॉलिसीची मूळ प्रत मागितली, शेड्यूल वाचलं, एंडोर्समेंट (पॉलिसीला जोडलेले बदल) वाचल्या, आणि मग चारच प्रश्न विचारले: इन्शुअर्ड नेमका कोण, रिस्क कुठल्या देशात, प्रीमियमचे पैसे कोण पाठवतं, आणि विमा कंपनी ती रिस्क पुढे कुणाकडे रिइन्शुअर करते, म्हणजे दुसऱ्या विमा कंपनीकडे सोपवते. पहिल्या तीनची उत्तरं माझ्याकडे होती. चौथ्याचं नव्हतं आणि माझा असा अंदाज आहे की पुण्यात कुठल्याच कारखानदाराकडे नसेल.

आता त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. अमेरिकेत जी विमा कंपनी आहे ती आपल्या नफ्यावर तिथे इन्कम टॅक्स भरते. बाहेरची विमा कंपनी, जिचा तिथे धंदा नाही, ऑफिस नाही, ती काहीच भरत नाही. मग अमेरिकन सरकारने काय केलं, तर सरळ प्रीमियमवरच एक्साइज टॅक्स लावला, त्यांच्या कायद्याचं कलम ४३७१. मालमत्ता, लायबिलिटी वगैरे कॅज्युअल्टीचा विमा आणि इंडेम्निटी बाँड असेल तर प्रीमियमच्या ४ टक्के. आयुर्विमा, आजारपण, अपघात, ॲन्युइटी असेल तर १ टक्का. रिइन्शुरन्स असेल तर तोही १ टक्का. विमा कंपनीला नफा झाला की तोटा, क्लेम आला की नाही, काही संबंध नाही, पूर्ण प्रीमियमवर टक्केवारी. आणि आपली ती विमा कंपनी आपल्यासाठी एकदम देशी, आयआरडीएआयच्या (आपलं विमा नियामक) लायसन्सवाली, पण ह्यूस्टनहून बघितलं की तीच परदेशी आणि टेक्सासचं लायसन्स नसलेली. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सोपं जातं.

दुसरी गोष्ट, जी मला सगळ्यात उपयोगी वाटली. पूर्ण पॉलिसीवर टॅक्स नाहीये! इन्शुअर्ड जर अमेरिकन कंपनी किंवा तिथे राहणारा माणूस असेल आणि रिस्क पूर्ण किंवा थोडी तरी अमेरिकेत असेल तर टॅक्स लागतो. इन्शुअर्ड परदेशी कंपनी असेल तर तिचा स्वतःचा अमेरिकेत धंदा चालू असला तरच, आणि तोही तिथल्या रिस्कपुरता. आमची भोसरीची कंपनी इथून माल ह्यूस्टनच्या कंपनीला विकते, तिथे स्वतः काही करत नाही, म्हणजे तिच्या वाट्याच्या प्रीमियमवर काही नाही. ह्यूस्टनच्या कंपनीच्या वाट्यावर आहे. मग वाटा कसा काढायचा, तर ब्रोकरकडून विमा कंपनीचं रेटिंगचं वर्किंग मागवायचं, कुठल्या विक्रीवर किती दर लावला ते, आणि त्यावरून वाटणी करायची आणि ते कागद जपून ठेवायचे. मॅडमनी ती वाटणी आमच्यासमोर बसून एका एक्सेलमध्ये केली आणि ती फाइल आम्हाला दिली पण, फॉर्म्युले सकट. नाहीतर बाकी ठिकाणी पीडीएफ देतात, म्हणजे पुढच्या वर्षी परत या.

समजा अमेरिकेच्या वाट्याचा प्रीमियम २०,००० डॉलर आहे तर ४ टक्क्यांनी ८०० डॉलर. फॉर्म ७२० हा तिमाही असतो, मुदत ३० एप्रिल, ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी. ज्या तिमाहीत प्रीमियम भरला त्या तिमाहीचा. त्यात आयआरएस नंबर ३० असा रकाना असतो फॉरेन इन्शुरन्सचा. तिमाहीची रक्कम २,५०० डॉलरपर्यंत असेल तर मधेमधे डिपॉझिट भरायची भानगड नाही, फॉर्मबरोबरच पैसे. उशीर झाला तर रिटर्न न भरल्याचा दंड महिन्याला ५ टक्के, जास्तीत जास्त २५ टक्के, पैसे उशिरा भरल्याचे महिन्याला अर्धा टक्का, वर व्याज. म्हणजे ८०० डॉलरवर जास्तीत जास्त किती दंड होईल हे तुम्हीच हिशोब करा, घरदार विकायला लागणार नाही. हे त्यांनी स्वतःहून सांगितलं हे मला आवडलं. घाबरवून फी वाढवता आली असती.

आणि पैसे भरायचे कुणी? कायद्यात जबाबदारी बरीच पसरट लिहिलीय, पॉलिसी बनवणारा, सही करणारा, विकणारा किंवा ज्याच्या फायद्यासाठी ती काढली तो. प्रत्यक्षात जो प्रीमियम परदेशी विमा कंपनीला पाठवतो त्याने टॅक्स भरायचा असा नियम. आमच्याकडे पैसे भोसरीहून जातात आणि ह्यूस्टनच्या खात्यातून परत वसूल होतात, त्यामुळे मॅडमनी सरळ ह्यूस्टनच्या कंपनीच्या नंबरवर रिटर्न भरायला लावलं. इथला ब्रोकर हात झटकणार, विमा कंपनीला विचारलं तर त्यांना फॉर्मचं नावही माहीत नसणार, त्यामुळे शेवटी गळ्यात तुमच्याच पडतं.

आता ट्रीटी. त्या आधीच्या कन्सल्टंटने सांगितलं ते अगदीच खोटं नव्हतं, अर्धवट होतं, आणि अर्धवटच जास्त महागात पडतं. भारत-अमेरिका करार १९८९ साली झाला आणि त्यात हा प्रीमियमवरचा एक्साइज टॅक्स खरोखरच घेतलेला आहे, दुसऱ्या कलमात. पण त्याच वाक्यात पुढे अट आहे: ती रिस्क विमा कंपनीने ज्या कुणाकडे पुढे रिइन्शुअर केली असेल तो पण अशा सवलतीला पात्र हवा. नसेल तर तेवढ्या भागापुरती सवलत गेली. इथे तो चौथा प्रश्न! आपल्याकडच्या विमा कंपन्या मोठी लायबिलिटी स्वतःकडे कधीच ठेवत नाहीत. थोडा भाग जीआयसी री ला (आपली सरकारी रिइन्शुरन्स कंपनी) सक्तीने द्यावा लागतो, २०२२ च्या एप्रिलपासून तो ५ वरून ४ टक्क्यांवर आलाय (हे ४ टक्के वेगळे, ते ४ टक्के वेगळे, मी पहिल्यांदा वहीत एकाच ओळीत लिहून ठेवले होते आणि मॅडमनी लगेच बोट ठेवलं). बाकीचा जर्मनी, स्वित्झर्लंड, इंग्लंडच्या रिइन्शुररकडे गेला तर त्या देशांच्या करारात सवलत आहे, ठीक. पण सिंगापूरला गेला तर? सिंगापूर आणि अमेरिकेत असा इन्कम टॅक्सचा करारच नाहीये. आणि आशियातला रिइन्शुरन्सचा कितीतरी धंदा सिंगापूरमधून होतो. म्हणजे "ट्रीटी आहे, शून्य" असं म्हणणाऱ्याने ही यादी बघितली होती का? त्याने पॉलिसीसुद्धा उघडली नव्हती.

आणखी एक खुंटी आहे. सवलत घ्यायची म्हणून विमा कंपनीने आयआरएसशी आधी क्लोजिंग ॲग्रीमेंट, म्हणजे लेखी पक्का करार, करायचं असतं, २००३ च्या एका प्रोसिजरप्रमाणे. ते झालेलं असेल आणि ते तुम्हाला रिटर्न भरण्याआधी माहीत असेल तर तुम्ही निर्धास्त. शिवाय करारावर बोट ठेवून सवलत घेणाऱ्या विमा कंपनीने दरवर्षी तसं जाहीर पण करायचं असतं, पहिल्या तिमाहीच्या फॉर्म ७२० बरोबर. आमच्या विमा कंपनीच्या पुणे ऑफिसात मी क्लोजिंग ॲग्रीमेंट म्हटल्यावर त्या साहेबांनी मला होम लोन काउंटरचा रस्ता दाखवायचं तेवढं बाकी ठेवलं. त्यांचा दोष नाही म्हणा.

भाऊजींनी याच मीटिंगमध्ये एक मुद्दा काढला की रिइन्शुरन्सवर पण १ टक्का आहे ना, मग इथल्या कंपनीने सिंगापूरला दिलं तर त्यावर परत १ टक्का लागतो का, म्हणजे टॅक्सवर टॅक्स? मॅडम खूष झाल्या. आयआरएसचं २००८ पासून तसंच म्हणणं होतं, परदेशी कंपनीने दुसऱ्या परदेशी कंपनीला दिलं तरी १ टक्का, पायरीपायरीवर. मग व्हॅलिडस नावाच्या रिइन्शुरन्स कंपनीने केस लढवली आणि २०१५ ला वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने सांगितलं की पूर्ण परदेशात झालेल्या अशा पुढच्या व्यवहारावर हा टॅक्स नाही, २०१६ ला आयआरएसनेही ते म्हणणं मागे घेतलं. त्यामुळे आपल्याला फक्त पहिल्या पायरीची काळजी. भाऊजी दोन दिवस कॉलर टाइट करून फिरत होते.

इथपर्यंत मला वाटलं झालं. नाही. मग टेक्सास आलं. अमेरिकेत विमा हा राज्यांचा विषय, प्रत्येक राज्याचं वेगळं लायसन्स, आणि लायसन्स नसलेल्या कंपनीकडून तुम्ही स्वतः जाऊन विमा घेतला तर राज्य तुमच्याकडून वेगळा टॅक्स मागतं. टेक्सासचा दर ४.८५ टक्के. कॅलिफोर्नियाचा ३ टक्के. आणि केंद्राच्या त्या ट्रीटीशी राज्यांना काही देणंघेणं नाही, ट्रीटीची सवलत मिळाली तरी टेक्सासचं बिल उभंच. म्हणजे त्याच २०,००० डॉलरवर ८०० आणि वर ९७०. गंमत बघा, सगळे ज्या टॅक्सवर वाद घालत होते त्यापेक्षा ज्याचं नाव कुणी घेतलं नाही तो मोठा. त्यातल्या त्यात बरं एवढंच की २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्यापासून फक्त होम स्टेटलाच (कंपनीचं मुख्य ठिकाण असलेलं राज्य) हा टॅक्स घेता येतो, नाहीतर आमचा माल लुइझियाना नि ओक्लाहोमाला पण जातो, प्रत्येकाने हात पुढे केला असता.

यात पण एक जुनी केस आहे, टॉड शिपयार्ड्स, १९६२. त्यात विमा न्यूयॉर्कमधून लंडनच्या कंपन्यांकडे काढलेला, प्रीमियम न्यूयॉर्कला भरलेला, क्लेमपण तिथेच मिटवलेले, टेक्सासात फक्त मालमत्ता होती, आणि सुप्रीम कोर्टाने टेक्सासला टॅक्स घेऊ दिला नाही. मी लगेच म्हटलं की आमचं पण सगळं पुण्यातच होतं की! मॅडम म्हणाल्या, "ताई, तुमची कंपनीच ह्यूस्टनला बसलीये, आणि टेक्सासने नंतर कायद्याचे शब्द बरेच रुंद केलेत. या केसच्या भरवशावर टॅक्स न भरायचा असेल तर टेक्सासच्या वकिलाचं लेखी मत घ्या, माझं नको." म्हणजे जिथे त्यांचं ज्ञान संपतं तिथे त्या थांबल्या. आणि वकिलाची फी ९७० डॉलरपेक्षा जास्त, त्यामुळे आम्ही पण थांबलो.

मग पर्याय काय यावर त्या बऱ्यापैकी बोलल्या, आणि खरं म्हणजे फी वसूल इथे झाली. पहिला, ह्यूस्टनच्या कंपनीसाठी तिथल्याच लायसन्सवाल्या कंपनीची लोकल पॉलिसी घ्यायची आणि भारतातली मास्टर पॉलिसी फक्त त्याच्या वरच्या रकमेसाठी ठेवायची. लोकल भागावर ४ टक्के पण नाही नि ४.८५ पण नाही, आणि क्लेम आला तर टेक्सासच्या कोर्टात उभं राहणारा वकील विमा कंपनीच देते. दुसरा, फ्रंटिंग, म्हणजे अमेरिकन कंपनी पॉलिसी देणार आणि रिस्क मागच्या दाराने इथल्या कंपनीकडे रिइन्शुरन्सने येणार, मग ४ ऐवजी १ टक्का. पण फ्रंटिंग करणारी कंपनी स्वतःची फी घेते आणि आमच्यासारख्या चिरीमिरी प्रीमियमसाठी कोण उभं करणार. तिसरा, ज्या परदेशी विमा कंपनीने त्यांच्या कायद्याच्या कलम ९५३(डी) खाली अमेरिकेत देशी कंपनीसारखा टॅक्स भरायचं मान्य केलंय तिच्याकडून घ्यायचा, मग हा एक्साइज नाही. भाऊजी म्हणाले, मग उलटंच करू, भोसरीच्या मशीनचा पण विमा अमेरिकेतूनच घेऊ, एकच पॉलिसी! तर आपल्याकडे पण तसंच आहे म्हणे, विमा कायदा १९३८, कलम २सीबी, भारतातल्या मालमत्तेचा विमा बाहेरच्या कंपनीकडे काढायचा तर आधी आयआरडीएआयची परवानगी. भाऊजी बसले खाली.

मरीनबद्दल, म्हणजे मालवाहतुकीच्या विम्याबद्दल, पण विचारलं होतं कारण रिजेक्ट झालेला माल ह्यूस्टनहून परत पुण्याला येतो, त्याचा विमा पण इथलाच. अमेरिकेतून बाहेर जाणाऱ्या मालाच्या विम्यावर हा टॅक्स लावता येत नाही, त्यांच्या घटनेत निर्यातीवर कर नाही म्हणून, आणि ही केस कुणी लढवली असेल तर आयबीएमने, १९९६, सुप्रीम कोर्टापर्यंत. इथून तिकडे जाणारा माल म्हणजे त्यांच्यासाठी आयात, त्याला ही सूट लागू नाही. पण आमची ती मरीन पॉलिसी भोसरीच्या कंपनीच्या नावावर आहे, त्यामुळे प्रश्नच मिटला. बघा, परत "इन्शुअर्ड कोण" वरच आलं.

निघता निघता मी नणंदेचं विचारून घेतलं, फुकटात होत असेल तर कशाला सोडा. ती आणि जावई न्यू जर्सीला, ग्रीन कार्ड, आणि इथल्या दोन आयुर्विम्याच्या पॉलिसी जुन्या चालू आहेत. त्यांना १ टक्क्याचा नियम, कारण अमेरिकेत राहणाऱ्या माणसाच्या आयुष्यावर परदेशी कंपनीची पॉलिसी. ६०,००० रुपये प्रीमियमवर ६०० रुपये, आणि त्यातही करार आहेच. मॅडम स्पष्ट म्हणाल्या, "या ६०० साठी मला फी देऊ नका, पण पॉलिसीची सरेंडर व्हॅल्यू आणि इथली बँक खाती मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर जातात का ते बघायला सांगा, तिथे एफबीएआर, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरावा लागतो आणि त्याचा दंड खरा बोचतो." नणंदेला रात्री फोन केला तर ती म्हणे एफबीएआर आम्ही भरतो पण त्यात पॉलिसी कधी धरलीच नाही. जावई गप्प. माझ्या मावसबहिणीचं कॅनडाचं वेगळंच निघालं, तिथे बिनपरवाना विमा कंपनीच्या प्रीमियमवर सरळ १० टक्के, वर्षाचा एकच फॉर्म ३० एप्रिलपर्यंत, पण आयुर्विमा, अपघात, आजारपण आणि मरीन त्यातून वगळलेलं. त्यामुळे तिच्या पॉलिसीला काही नाही, फक्त तिच्या नवऱ्याच्या धंद्याचा विमा कुणी इथून काढायचा सल्ला दिला तर त्याला हा आकडा दाखवा.

आता तक्रारी, कारण एक स्टार उगीच नाही कापला.

पार्किंग. गल्लीत पी१-पी२, सम-विषम तारखा बघून गाडी लावा, तरी टोइंगवाले कोपऱ्यावर उभेच. चारचाकी आणूच नका. भोसरीकडून येणार असाल तर मेट्रोने या, सिव्हिल कोर्टला बदलून डेक्कन, मग रिक्षा किंवा पायी. (भोसरी नावाचं मेट्रो स्टेशन नाशिक फाट्याला आहे, एमआयडीसीपासून तिथपर्यंत पोचणं हाच अर्धा प्रवास, पण ते या ऑफिसचं पाप नाही.)

मेमो इंग्रजीत येतो आणि तो वाचायला परत एक सीए लागेल असा. मॅडम समोर बसून मराठीत जे इतकं सुरेख सांगतात ते कागदावर आलं की "नॉटविथस्टँडिंग" होतं. मी दोनदा सांगितलं की वर अर्धं पान साधं लिहा, काय भरायचं, कधी, किती. "बघतो" म्हणाले. ह्यांनी तर तो मेमो फाइलला लावून टाकला न वाचता.

व्हॉट्सॲपवर उत्तर नाही. ईमेलच करा. फोन मात्र दुपारी पण उचलतात, हे पुण्यात मुद्दाम लिहावं लागतं. जुलै आणि सप्टेंबरमध्ये, म्हणजे इथल्या रिटर्नच्या सीझनला, जाऊ नका, मॅडम भेटत नाहीत आणि जो आर्टिकलशिपवाला मुलगा भेटतो तो बिचारा हुशार आहे पण पॉलिसी वाचायची सवय नाही, त्याने आमचं डिडक्टिबल (क्लेममधला आपण सोसायचा भाग) प्रीमियममधून वजा केलं होतं. मॅडमच्या नजरेतून सुटलं नाही ते बरं.

फी कमी नाही. आमच्या पहिल्या वर्षाच्या टॅक्सच्या जवळपास जाईल एवढी आहे, आणि ह्यांनी घरी तेच ऐकवलं, की एवढा टॅक्स वाचवायला एवढी फी? तर टॅक्स वाचलाच नाही हो, भरावाच लागला! फी कशाची, तर किती भरायचा आणि किती नाही हे ठरवण्याची, आणि पुढच्या रिन्यूअलला पॉलिसी कशी मांडायची त्याची. पुढच्या वर्षापासून फॉर्म आमचा ह्यूस्टनचा अकाउंटंटच भरणार, ते पण मॅडमनीच सुचवलं, इथून भरण्यापेक्षा स्वस्त म्हणून.

जाताना काय न्यायचं: पॉलिसी पूर्ण, नुसतं सर्टिफिकेट नाही. सगळ्या एंडोर्समेंट. प्रीमियम कुठल्या खात्यातून कुठल्या तारखेला गेला त्याचे बँकेचे कागद. अमेरिकन कंपनीचा ईआयएन (तिथला टॅक्स नंबर), त्याशिवाय फॉर्म ७२० पुढे सरकत नाही. रेटिंगचं वर्किंग. आणि ब्रोकरकडून रिइन्शुररची यादी लेखी, देश आणि टक्केवारीसकट, ही आत्ताच मागायला लागा कारण तिलाच वेळ लागतो. आमच्या ब्रोकरने ती अजून दिलेली नाही, आज देतो उद्या देतो चालू आहे. मॅडमचं म्हणणं की यादी येईपर्यंत ४ टक्के पूर्ण भरून मोकळे व्हा, नंतर करारातली सवलत लागू होते असं कागदावर सिद्ध झालं तर तीन वर्षांच्या आत रिफंड मागता येतो. तसे आम्ही भरले. यादी आली आणि रिफंडचं काही झालं तर इथेच खाली लिहीन.